दीड पानाचा पश्चात्ताप

"मग शेवटी दार उघडायचं की नाही, बुवा? एवढंच सांगा."

श्रीपाद नाडगौडा तिसऱ्यांदा उठले आणि पुन्हा बसले. तासगावकरबुवा ओसरीवर पावटे सोलत होते.

नाडगौडा मोठे कादंबरीकार. घरात पुरस्कारांचं कपाट आहे, आणि ते आहे हे समोरच्याला पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था ते करतात. लहानपणी दोन वर्षं बुवांकडे गाणं शिकले. गाणं काही आलं नाही, पण मिरजेला आले की पाया पडून जात.

या वेळी बरोबर बाड होतं. एका जुन्या संगीत नाटकावरून त्यांनी कादंबरी लिहिली होती. त्या नाटकातला राजा मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून मुलीला हाकलून देतो. शेवटच्या अंकात तिच्या झोपडीच्या बंद दाराशी येऊन पश्चात्तापाने गातो, आणि तो गात असतानाच आत ती मरते. बुवांनी हा राजा सव्वीस वर्षं केला होता.

नाडगौडांनी राजाला शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष केलं होतं आणि झोपडीच्या जागी चिंचवडचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला होता.

"अकरा वेळा शेवट लिहिला. दार उघडलं तर खोटं वाटतं. नाही उघडलं तर... मला बघवत नाही."

बुवांनी पुढची शेंग सोलायला घेतली.

"तुम्ही इतकी वर्षं त्या दाराशी उभे राहिलात. काय वाटायचं?"

"आवाज लागलाय का, एवढंच."

"आणि आतल्या मुलीचं?"

"ती विंगेत चहा पीत बसायची. तू जुना शेवट ठेव ना. चाललाय की इतकी वर्षं."

"नाही ठेवता येत."

"का?"

नाडगौडांनी एक शेंग उचलली आणि न सोलताच परत ठेवली.

"केतकीला वाचायला द्यायचीय."

केतकी त्यांची मुलगी. चार वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हा पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस, असं नाडगौडांनी तिला सुनावलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद होतं.

"ती वाचेल, तिला कळेल. समोर जाऊन बोलणं मला जमणार नाही, बुवा. लिहिणं जमतं."

"पुस्तक कधी येणार?"

"दिवाळीत."

"आणि ती असते कुठे?"

"चिंचवडला." नाडगौडांनी मोबाइल खिशातून काढला, बघितला, परत ठेवला. "गुरुवारी चाललीय. नवऱ्याबरोबर कॅनडाला, कायमची. बायकोकडून कळलं."

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

बुवांनी टरफलं सुपात गोळा केली.

"दाराशी बाप काय बोलतो, ते लिहिलंयस?"

"दीड पान आहे."

"ऐकव."

नाडगौडांनी चष्मा लावला. पण बुवा गुडघ्यांवर हात टेकत उठले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"हं," आतून आवाज आला. "मी मुलगी. तू बाहेर आहेस. बोल."

नाडगौडांना अवघडल्यासारखं झालं. शेजारच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. तरी त्यांनी पहिलं वाक्य वाचलं, आणि मग गाडी रुळावर आली.

माणूस लिहितो चांगलं, हे कबूल करायला हवं. बापाचा माज, मग त्याचं एकटं जेवण, लहानपणी मुलीला ताप आला की कपाळावर ठेवलेल्या घड्या... सगळं होतं त्यात. दुसऱ्या पानावर आवाज कापायला लागला. शेवटच्या ओळीत नायिकेच्या नावाच्या जागी तोंडून 'केतकी' निघून गेलं आणि नाडगौडा रडले. खोटं नव्हे, खरंच रडले. गच्चीवरची बाई हातात ओला टॉवेल धरून तशीच उभी राहिली.

वाचून झालं. आत सगळं शांत...

"बुवा?"



नाडगौडांचा हात दाराकडे गेला. मग परत बाडावर आला. त्यांनी डोळे पुसले, पानं नीट जुळवली.

"बुवा... कसं वाटलं?"

आतून टाळी वाजली.

"वन्स मोअर."