सिग्नलमधला हिरवा माणूस

चौकातले सिग्नल नवे नवे होते, तेव्हाची ही गोष्ट. जर्मनीतल्या एका चौकात दिवसभर हातोडा हलवणारा उंच लोखंडी पुतळा होता. समोरच्या सिग्नलमधल्या, पादचाऱ्यांना ‘चला’ सांगणाऱ्या हिरव्या माणसाला तो म्हणाला, “अरे, सारखा चालतोस, पण पाऊलभर तरी पुढे गेलास का?”

हिरवा माणूस हिरमुसला आणि विझून बसला.

झालं! रस्त्यावर एकही मोटार नव्हती, तरी रस्ता ओलांडणारे सगळे शिस्तीत उभेच. शेवटी गरम पावाची पिशवी सांभाळत हेडविग आजी ओरडल्या, “चाल रे बाळा! तू चालल्याशिवाय आम्ही घरी कसं जायचं?”

हिरवा माणूस चटकन उजळला. सगळे भराभर पलीकडे गेले.

“तू मात्र तिथेच!” पुतळा म्हणाला.

“हो ना दादा,” हिरवा माणूस हसला. “मी निघून गेलो असतो, तर आजी अजून इथेच असत्या.”