रुसलेल्या दाराचं तोरण

एक होता राजा. गोष्टीतला राजा थोडा हट्टी असायचाच, पण हा जरा जास्तच होता, बरं का. त्याचं नाव हेमराज. त्याची राणी सुरंगा. ती माळ्याची लेक. माहेरी असताना दर दसऱ्याला दारावरचं तोरण तीच ओवायची. राणी झाली तरी तिनं ते सोडलं नाही. बागेतून पानं आणायची, फुलं आणायची, ओसरीवर बसायचं आणि ओवायचं.

एका वर्षी काय झालं, शेजारचा राजा आला आणि आपल्या दारच्या चांदीच्या तोरणाच्या बढाया मारून गेला. झालं! आमच्या राजाच्या डोक्यात तेच बसलं. त्यानं सोनाराला बोलावलं. म्हणाला, "सोन्याची पानं घडव, सोन्याचे झेंडू घडव."

राणी म्हणाली, "अहो, दाराला आपलं पानाफुलांचंच बरं दिसतं."

पण ऐकतोय कोण? बागेतले झेंडू त्यानं सगळेच्या सगळे खुडून लोकांना वाटून टाकले. आपल्या दारी सोनं असताना फुलं कशाला, असं त्याचं म्हणणं.

मग दसऱ्याची सकाळ उजाडली. तोरण एवढं जड, की ते दोऱ्यानं कुठलं राहतंय! मग वीतवीतभर लांब अकरा खिळे आणले आणि दाराच्या चौकटीत ठाण ठाण ठोकले. ते दार होतं फणसाच्या लाकडाचं. बागेतलाच जुना फणस पडला, तेव्हा त्याचं करून घेतलेलं. एकेक खिळा आत गेला की दार कण्हायचं. सुतार म्हणाला, बिजागरी वाजतेय, तेल घाला.

इकडे राणीनं तान्ह्या लेकीला दूध पाजलं, पाळण्यात निजवलं आणि राजाला ओवाळायला ती अंगणात आली. दासी, आचारी, पहारेकरी, सगळेच सोन्याचं तोरण बघायला बाहेर आलेले. मग आत उरलं कोण? पाळण्यातलं बाळ.

आणि दार धाडकन लागलं.

कडी नाही, कुलूप नाही, पण दार काही उघडेना. खिडक्यांना चोरांच्या भीतीनं मनगटाएवढे जाड गज. राणीनं गजांतून पाहिलं. बाळ आपलं मुठी मिटून शांत झोपलेलं. बाळ भुकेनं उठलं तर त्याला घेणार कोण?

मग सुतार पुढे झाला. त्यानं पटाशी लावली, तर पटाशीची धारच गेली. मग पहिलवान आले, चांगले सात जण. त्यांनी खांदे लावून जोर केला. दार हललं नाही, खांदे तेवढे सुजले. मग राजानं आपला म्हातारा हत्ती आणवला. भीमा त्याचं नाव. भीमा डुलत डुलत दाराशी गेला. सोंडेनं त्यानं चौकट हुंगली, हळूच थोपटली आणि दारासमोर फतकल मारून बसला. माहूत ओरडला, राजा ओरडला. हत्ती हलेना. अरे, त्याच फणसाचे गरे त्यानं लहानपणी खाल्लेले. तो कसा धडक देईल?

वेणू, पाय पांघरुणात घे बघू. हत्ती नाही येत इथे.

तर हत्ती नेमका कुठे हुंगत होता, ते राणीनं पाहिलं होतं. खिळ्यांच्या कडेनं पांढरा चीक ओघळत होता. इतक्या वर्षांच्या वाळक्या लाकडातून चीक! राणी म्हणाली, "अहो, दुखतंय त्याला. खिळे काढा."

राजानं शिडी मागवली. मग स्वतःच शिडीवर चढला, बरं का. एक खिळा काढला, दुसरा काढला, तिसरा काढला, असं करत अकरा काढले. सोन्याचं तोरण खळ्ळकन खाली पडलं. ते उचलायचं कुणाला सुचलंही नाही. राजाचे हात चिकानं नुसते बरबटून गेले.

तरी दार उघडेना. आणि आत बाळ जागं झालं. त्यानं असा टाहो फोडला! राणीनं दाराला गाल लावला. म्हणाली, "आता काय हवंय रे बाबा तुला?"

तर दार बोललं. घोगऱ्या, जाड आवाजात बोललं.

"आज सण ना? मग मी असंच बोडकं?"

राणी तशीच बागेत धावली. झेंडूचं एक फूल म्हणून शिल्लक नव्हतं. तिला रडूच आलं. पण माळ्याची लेक ती, रडता रडताही तिची नजर फिरत होती. आंब्याला पानं होती. बांधापलीकडे भाताच्या लोंब्या पिवळ्या झाल्या होत्या. आणि गवतात कुरडू फुललं होतं, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचं. ते कुणी मुद्दाम लावत नाही, म्हणून कुणी खुडलंही नव्हतं. तिनं केळीच्या वाळक्या खोडाचा दोर सोलला, बाभळीचा काटा मोडून घेतला आणि दाराशी ओवायला बसली. पण हात कसले थरथरत होते! पहिलं पान फाटलं. दुसरं फाटलं. तिसरंही फाटलं. आत बाळाचा आवाज रडून रडून बसत चाललेला.

मग राजा येऊन शेजारी मांडी घालून बसला. म्हणाला, "मी काय करू?"

"पानं द्या एकेक," राणी म्हणाली.

आता राजाची बोटं चिकानं भरलेली. पान घेतलं की चिकटायचं, सुटायचं नावच नाही. हा झटकतोय, ते दुसऱ्या हाताला चिकटतंय. दहा बोटांना दहा पानं! तशाही वेळी राणीला खुदकन हसू फुटलं. आणि हसली तसे तिचे हात थरथरायचे थांबले. मग पान, लोंबी, तुरा. पान, लोंबी, तुरा. भराभरा तोरण झालं.

खिळा तर आता ठोकायचा नव्हता. राणी शिडीवर चढली आणि दोराची दोन्ही टोकं तिनं चौकटीवरच्या ओल्या चिकात दाबली. ती घट्ट बसली. दारानं केवढा तरी मोठा श्वास सोडला आणि हळूच उघडलं.

राणी धावतच आत गेली. तिनं बाळाला उराशी धरलं, पदराखाली घेतलं. बाळ हुंदके देत देत दूध प्यायला लागलं, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. अंगणातले सातही पहिलवान मोठमोठ्यानं रडत होते. सुटलो बाई एकदाचे, असं सगळ्यांनाच झालं होतं.

राजा मात्र दारातच उभा. लोंब्या इतक्या खाली आलेल्या, की वाकल्याशिवाय आत जाता येईना. तो वाकला. दारावर हात ठेवून हळूच म्हणाला, "चुकलं माझं."

दारानं राजाला आत घेतलं.

पुढे दर दसऱ्याला राजा स्वतः तोरण ओवायला बसायचा. वाकडंतिकडं व्हायचं, दोन पानं उलटी लागायची, पण दारानं कधी तक्रार केली नाही. राजा, राणी आणि त्यांची लेक खूप वर्षं सुखात राहिली. त्या दिवशी बाळ पोटभर दूध पिऊन झोपलं, त्याला बघत राणी झोपली आणि भीमा तर दारातच घोरायला लागला. आता जागे उरलात ते फक्त तुम्ही. चला, कुशीवर वळा आणि मिटा डोळे.