ठकूच्या मनगटावरचा दोरा

दिवस उगवून बरोबर दोन घटका झाल्या होत्या. नेमकं त्याच वेळी एका गावात ठकू नावाच्या एका मुलीचा पहिला दुधाचा दात पडला, आणि तिची आई घाबरली.

आता दात पडला म्हणून कुणी घाबरतं का? पण त्या गावची रीतच तशी होती. पहिला दात पडला की त्याच संध्याकाळी गावच्या पारावर पाटलीणबाईंनी मुलाच्या मनगटावर स्वभावाचा दोरा बांधायचा. तापट असेल त्याला लाल, हळवा असेल त्याला निळा, अबोल असेल त्याला पिवळा. लाल दोऱ्याचं मूल लोहाराकडे शिकायला जाई, निळ्याचं सुईणीच्या हाताखाली, पिवळ्याचं विणकराच्या मागावर. एकदा बांधलेला दोरा जन्मभर सुटत नसे. नावाड्याच्या कामाला मात्र कुठलाच रंग नेमलेला नव्हता. त्यामुळे त्याच्याकडे कुणी शिकायला येत नसे, आणि तो बिचारा एकटाच वल्ही मारता मारता म्हातारा होत चालला होता.

रंग सांगणारे गावात तिघे होते, वैद्य, जोशी आणि पंतोजी. त्यांतल्या एकाकडे गेलं तरी पुरे. पण ठकूच्या आईला वाटलं, एकट्याचं चुकलं तर? माझ्या लेकीचा जन्म वाया जायचा. तिने ठकूचं बोट धरलं आणि निघाली तिघांकडे.

वैद्यबुवांनी नाडी धरली, जीभ बघितली. ठकू सकाळपासून उपाशी होती, तिने हात हिसकून घेतला. वैद्यबुवा म्हणाले, "पित्ताची प्रकृती. लाल दोरा, दुसरं काही नाही."

जोशीबुवांनी जन्मवेळ विचारली, बोटांची पेरं मोजली. "चंद्र पाण्याच्या राशीत आहे. निळा."

"पण बुवा, वैद्यबुवा तर लाल म्हणाले."

"अहो बाई, त्यांना पोटातलं कळतं. नशिबातलं काय कळणार?"

पंतोजींनी ठकूला अनोळखी पोरांच्यात बसवलं. पोरं नुसता कलकलाट करत होती. ठकू भिंतीला चिकटून सगळ्यांकडे बघत राहिली. "अबोल आहे. पिवळा," पंतोजींनी सांगून टाकलं.

"आणि त्या दोघांनी सांगितलं ते?"

"त्यांचं त्यांना लखलाभ!"

घरी येताना आईच्या मुठीत तीन दोरे होते आणि डोक्यात नुसता गोंधळ. मग तिने स्वतःशीच ठरवलं, लेक एक आहे, म्हणजे तिचा खरा रंगही एकच असणार. तो ह्या तिघांमध्येच कुठेतरी लपला असेल. तिने चुलीवर पातेलं ठेवलं, तिन्ही दोरे पाण्यात टाकले आणि ढवळत बसली.

शेजारीण डोकावली. "काय गं, दोऱ्यांची आमटी करतेस की काय?"

"तू गप बस. खरा रंग काढतेय."

रंग एकमेकांत उतरले. दोरे बाहेर काढले तर काय, तिन्हीही मातकट! ठकूने एक दोरा उचलून बघितला.

"आई, असा रंग तर आपल्या अंगणाचा आहे. मी अंगण आहे का गं?"

आईने दोरे पुन्हा पाण्यात टाकले असते. पण संध्याकाळ व्हायला आली होती. तिने तोच दोरा पदराच्या टोकाला बांधला आणि पाराकडे निघाली.

पारावर पाटलीणबाई बसल्या होत्या. त्यांनी दोरा हातात घेतला. "हा गं कुठला रंग? गटारात पडला होता का?"

सगळे हसले. ठकूची आई लाजेने चूर झाली.

"ह्या रंगाचं काम आपल्या गावात नाही," पाटलीणबाई म्हणाल्या. "एक रंग सांग, नाहीतर तुझी लेक बिनकामाची राहील."

झालं, पारावर जमलेले वैद्य, जोशी आणि पंतोजी तिघेही पुढे सरसावले. "लाल!" "निळा!" "पिवळा!" कुणी कुणाचं ऐकेना.

ह्या गडबडीत पाराच्या खाली वेगळंच चाललं होतं. लाल दोऱ्याच्या दोन दांडग्या पोरांनी एका चिमुरड्याला धरलं होतं. त्याला नुकताच निळा दोरा बांधला होता. "ए रडूबाई! रडून दाखव की!" म्हणत ती पोरं त्याला ढकलत होती.

ठकू बराच वेळ गप्प उभी राहून बघत होती. मग एकदम उसळून गेली आणि दोघांच्या मध्ये घुसली. "सोडा त्याला! हात लावलात तर बघा!" पोरं दचकून मागे सरली. चिमुरडा हमसून रडायला लागला, तशी ठकूने त्याला जवळ घेतलं, आणि त्याचे डोळे पुसता पुसता स्वतःच रडू लागली.

"बघा, मी म्हटलं नव्हतं? लाल!" वैद्यबुवा ओरडले.

"डोळ्यांतलं पाणी बघा! निळा!" जोशीबुवा ओरडले.

"आणि इतका वेळ गप्प कोण उभं होतं? पिवळा!" पंतोजी ओरडले.

तिघेही एकाच वेळी बोलले, आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत तिघेही एकाच वेळी गप्प झाले.

आता ठकूच्या आईच्या अंगात बळ आलं. ती पुढे झाली.

"वैद्यबुवा, तुम्ही नाडीत काय बघितलंत?"

"शरीर कशाने तापतं, ते."

"जोशीबुवा, तुम्ही?"

"जन्माच्या वेळचं आभाळ."

"पंतोजी, तुम्ही?"

"चारचौघांत मूल कसं वागतं, ते."

"मग भांडता कशाला? तुम्ही तिघांनी तीन वेगळे प्रश्न विचारले, उत्तरं वेगळीच येणार. तुमचा लाल म्हणजे ह्यांचा निळा नव्हे, आणि ह्यांचा पिवळा तुमच्या लालाला खोटंही पाडत नाही. चूक माझी झाली. मी तिन्ही एका पातेल्यात शिजवले. द्या बरं तुमचे दोरे पुन्हा."

तिघांनी निमूटपणे दोरे दिले. आईने पारावरच बसून, लेकीच्या केसांची घालते तशी त्यांची तीनपेडी वेणी घातली. प्रत्येक रंग आपापल्या जागी झळकत होता.

"दोरा झाला गं," पाटलीणबाई म्हणाल्या, "पण पोरीला काम कुठलं द्यायचं?"

"तिलाच विचारा की," आई म्हणाली. "सकाळपासून तेवढंच कुणी केलं नाही."

ठकूने नाक पुसलं. पडलेल्या दाताच्या फटीतून म्हणाली, "मला नावेवर जायचंय. तिथे पाण्याकडे गप्प बघत बसायला मिळतं, वादळ आलं की जोरात ओरडायला मिळतं, आणि कुणी घाबरलं तर त्याचा हात धरायला मिळतो."

मागे उभ्या म्हाताऱ्या नावाड्याने हातातलं वल्हं खाली ठेवलं. "उद्या पहाटे ये गं बाय," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून त्या गावात दोरे बांधतात, पण वेणी घालून, आणि बांधण्याआधी मुलाला विचारून.

तात्पर्य: स्वभाव ओळखायच्या रीती अनेक, आणि प्रत्येक रीत एकच बाजू दाखवते. एका रीतीने दुसरी खोटी ठरवू नये, सगळ्या एकत्र घोटूनही टाकू नयेत. प्रत्येकीने काय बघितलं ते आधी विचारावं, आणि लेकराचं त्याच्याच तोंडून ऐकावं.

आपलं मूल नक्की कुठल्या रंगाचं, ह्या घोराने जिला झोप येत नाही अशी एखादी आई तुमच्या ओळखीत असेलच. तिला ही गोष्ट आजच सांगा, आणि तिलाही म्हणावं, पुढच्या आईला सांग.