अस्वलिणीच्या पिल्लाचे उष्टावण

बालमित्रांनो, ज्या डोंगरउतारावर फणसाची झाडे कोणी न लावता उगवतात आणि वैशाखात रातांब्यांचा तांबडा सडा पडतो, तेथील दाट रानात एक अस्वलीण राहत असे. कड्याच्या पोटातील गुहेत त्या हिवाळ्यात तिला एक पिल्लू झाले होते. त्याआधीची दोन पिल्ले डोळे उघडण्यापूर्वीच गेली होती. म्हणून या तिसऱ्याला ती क्षणभरही दृष्टीआड होऊ देत नसे. वाळवी शोधायला जाई तीही त्याला पाठीवर घेऊनच.

ऊन तापू लागले तसे पिल्लू आईच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागले. ती उंबर खाई तेव्हा तेही ओठ हलवी, तिच्या मिशांना लागलेला गर चाटू पाही. अस्वलीण गुहेखालच्या डोहावर गेली. तेथे एक वृद्ध कासव राहत असे. त्या रानातील निम्म्या प्राण्यांच्या आज्यांनाही त्याने लहान पाहिले होते.

“आजोबा, याला आता अन्न द्यावे काय?” तिने विचारले.

“मान सावरून बसते का?”

“बसते.”

“घासाकडे स्वतः झेपावते?”

“माझ्या तोंडातला ओढून घेते!”

“मग द्यावे,” कासव म्हणाले. “मात्र साल आणि बी काढून, तुझ्या पंजावर चिरडून, नखाच्या टोकाएवढेच. एका वेळी एकच पदार्थ. तो दिलास की दुसरा देण्यापूर्वी तीन सूर्योदय थांब.”

“तीन? इतके कशाला, आजोबा?”

“उद्या त्याला काही बाधले, तर कशाने बाधले हे कळायला नको का? पाच पदार्थ एकदम दिलेस तर पाचही जण सांगतील, ‘माझ्याने नव्हे.’”

अस्वलिणीने तसेच केले. पिकल्या उंबराचा गर तिने पंजावर चिरडला आणि पिल्लाच्या जिभेवर ठेवला. पहिल्या दिवशी पिल्लाने तो बाहेर लोटला, दुसऱ्या दिवशी अर्धा गिळला, आणि तिसऱ्या दिवशी पंजाच चाटूनपुसून स्वच्छ केला. त्याचे पोट नीट राहिले, झोपही शांत लागली. अस्वलिणीला वाटले, आता सारे सुरळीत होईल.

पण त्या रानात एक रीत होती. पिल्लू अन्नाला लागले की शेजाऱ्यांनी उष्टावणाला यावे, आणि प्रत्येकाने आपल्या खाण्यातील उत्तम घास आणावा. तो घास पिल्लाच्या ओठांना केवळ लावायचा. खायचा तो आईने. त्यानंतर आईने स्वतः डोहावर जाऊन ओले शेवाळ आणायचे आणि त्याने पिल्लाचे तोंड पुसायचे. ज्यांनी ही रीत घालून दिली त्यांनी ती विचारपूर्वक घातली असावी. पाहुण्यांचे प्रेम पिल्लाच्या ओठांपाशीच थांबावे, हा तिचा हेतू. परंतु हेतू विसरला जातो आणि रीत तेवढी उरते. प्रत्येक गोष्टीत आपले बोट घालणाऱ्या शेजारणींमुळे तर हे फार लवकर घडते.

अशीच एक शेजारीण, एक वानरी, चौथ्या दिवशी गुहेपाशी आली. “अगबाई! एवढे मोठे पिल्लू, आणि नुसत्या उंबरावर?” ती म्हणाली. “माझी पोरे या वयात फांदीवरचे वाटेल ते खात होती. आणि उष्टावण केव्हा? की शेजाऱ्यांना गुहेत घ्यायचे जिवावर आले आहे?”

अस्वलीण वरमली. “परवा करू,” ती म्हणाली. तीन सूर्योदयांचा हिशेब तिच्या मनात आला होता; पण तो सांगण्याची तिला लाज वाटली.

उष्टावणाला तिघे आले. वानरीने पिंपळाची कोवळी पालवी आणली. साळिंदराने आपल्या बिळाशेजारचा जंगली सुरण उकरून आणला. शेकरूने फणसाच्या आठळ्या आणल्या होत्या. साल काढून, घासून, त्याने त्या इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की त्यांवर ऊन चमकत होते. तिघांनी आपापला घास पिल्लाच्या ओठांना लावला. रीत येथवर नीट पार पडली.

“आता शेवाळ,” वानरीने आठवण करून दिली.

अस्वलीण पिल्लाजवळून हलेना. “याला बरोबर नेते,” ती म्हणाली.

“इश्श! उष्टावणाचे पिल्लू कोणी तोंड न पुसता गुहेबाहेर काढते का? आम्ही तिघे आहोत ना येथे! आम्ही काय त्याला खाऊन टाकणार आहोत?”

अस्वलीण गेली. त्या पिल्लाने डोळे उघडल्यापासून ती प्रथमच त्याच्यावाचून गुहेबाहेर पडत होती.

ती उताराआड होताच साळिंदर पुढे सरकला. “नुसते ओठांना लावून काय होते?” तो पुटपुटला. “पोटात गेले तरच अंगी लागते.” त्याने सुरणाची एक चकती दातांनी तोडून पिल्लाच्या हिरड्यांवर चोळली. साळिंदर जन्मभर कच्चा सुरण खात आला होता, आणि त्याला कधी खाज सुटली नव्हती. दुसऱ्याच्या जिभेला ती सुटेल, हे त्याच्या मनातही आले नाही. पिल्लाने तोंड वेडेवाकडे केले आणि ते रडू लागले.

“रडवलेस ना!” पाठमोरी पालवी आवरत असलेली वानरी वळून कडाडली. “काटे लागले असतील त्याला तुझे! चल, बाहेर हो!” ती त्याला दाराशी नेऊन खडसावू लागली.

शेकरू आत एकटे उरले. त्याला पिल्लाची खरोखरच दया आली. “उगी, उगी,” ते म्हणाले, “ही घे. हिने तोंडाची चव जाईल.” आणि त्याने एक गुळगुळीत आठळी पिल्लाच्या जिभेवर ठेवली.

पिल्लाच्या दाढा अजून यायच्या होत्या. रडण्यासाठी त्याने श्वास आत ओढला, त्यासरशी आठळी मागे घसरली.

रडणे थांबले. शेकरूला वाटले, पिल्लू शांत झाले.

मग त्याला शीळ ऐकू आली. किड्याने पोखरलेल्या वेळूतून वारा वाहावा तसा तो बारीक आवाज पिल्लाच्या घशातून येत होता. पिल्लाचे डोळे मोठे झाले होते, लाळ छातीपर्यंत ओघळली होती, आणि पंजे हवेत काहीतरी शोधत होते.

अस्वलीण दारात आली. तिच्या तोंडातले शेवाळ गळून पडले.

“काय दिलेत याला?”

“मी बाई रीतीप्रमाणे ओठांनाच लावले,” वानरी म्हणाली, आणि ते खरे होते.

“मी कशाला काही देईन?” साळिंदर म्हणाला, पण त्याचे काटे आपोआप उभे राहिले.

“मीही नाही, ताई,” शेकरू म्हणाले. त्याच्या आवाजाला कंप होता. पण त्या घटकेला कोणाचा आवाज थरथरत नव्हता?

अस्वलिणीने पिल्लाला छातीशी धरले आणि तीन पायांवर ती उतारावरून धावत सुटली. दगड तिच्या पुढे घरंगळत होते. पिल्लाची शीळ तिच्या कानाशी होती. ती तिला ऐकवत नव्हती, आणि ती थांबेल या भीतीने दुसरे काही ऐकूही नये असे वाटत होते. तिघे पाहुणे मागोमाग धावले.

“आजोबा!”

कासव पाण्यावर आले. त्याने मान लांब करून पिल्लाचे ओठ पाहिले, मग श्वास ऐकला. अस्वलीण पिल्लाच्या तोंडात नख घालणार, तोच ते ओरडले, “नख घालू नकोस! आत काही असलेच तर ते आणखी खोल जाईल. आधी ऐका. ओठ सुजले आहेत. हे खाजऱ्या कंदाचे लक्षण आहे. त्यावर रातांब्याचा आंबट रस चालेल. पण घशात काही अडकले असेल, तर वरून घातलेला रसच याचा जीव घेईल. तेव्हा याला उलटे धरून पाठीवर थापटावे लागेल. दोन्ही करून पाहायला वेळ नाही. याने काय खाल्ले?”

तिघे एकमेकांकडे पाहू लागले.

“बोला!” अस्वलीण गरजली. मग तिचा स्वर एकाएकी खाली आला. “मी कोणाला काही करणार नाही. पण बोला हो.”

साळिंदराची मान खाली गेली. “सुरण,” तो म्हणाला. “कच्चा. मी चोळला, वहिनी. मला कधीच खाजला नाही हो तो...”

“तुला काटे आहेत, अक्कल नाही!” वानरी ओरडली. ती क्षणात झाडावर चढली, मूठभर रातांबे घेऊन उतरली, आणि तिने ते एका द्रोणासारख्या पानात चिरडले. लाल रस पानात साचला.

आता शेकरूकडे पाहा, बालमित्रांनो. ते एका मुळीवर अंग चोरून बसले होते. त्याच्या मनात एक विचार आला, आणि तो विचार फार सोयीचा होता. ‘कंदाचे तर उघड झालेच. ओठ सुजले ते त्यानेच. रसाने बरेही वाटेल. मग आपले नाव मध्ये कशाला? एकदा नाव निघाले की या रानात पुन्हा कोणत्याही उष्टावणाला कोण बोलावील आपल्याला?’ ते गप्प राहिले.

वानरीने द्रोण अस्वलिणीच्या हाती दिला. अस्वलिणीने पिल्लाचे डोके मागे कलते केले. शीळ आता तुटक झाली होती. द्रोण ओठांपाशी आला. पहिला लाल थेंब पानाच्या टोकाशी जमला, लोंबला. पिल्लाने डोळे फिरवले, आणि ते फिरवताना त्याची नजर क्षणभर शेकरूवरून गेली.

“थांबा!”

शेकरूने मुळीवरून झेप घेतली ती थेट द्रोणावर. द्रोण उडाला, रस अस्वलिणीच्या छातीवर सांडला. “आठळी! अख्खी आठळी! मी दिली! ते रडत होते म्हणून... मी दिली, ताई, मी!”

“उलटे धर!” कासव ओरडले. “तोंड खाली. डोके धडापेक्षा खाली. छातीला हाताचा आधार दे. आता पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने मार.”

अस्वलिणीने पंजा उचलला, आणि तो तसाच थांबला. त्याच पंजाने ती दगडासारखी वारुळे फोडत असे.

“मोडेल हो हे,” ती म्हणाली.

“श्वासावाचून त्याहून लवकर जाईल. मार!”

तिने मारले. काही झाले नाही. दुसऱ्यांदा मारले. शीळ थांबली, आणि तिच्या जागी काहीच आले नाही. वानरीने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या तडाख्याला पिल्लाचे अंग नुसते हलले. अस्वलिणीचा पंजा चौथ्यांदा खाली आला, तेव्हा चिखलात काहीतरी टपकन पडले.

ती आठळी होती. तशीच गुळगुळीत, लाळेने आणखी चमकणारी.

एक क्षण गेला. मग पिल्लाने श्वास ओढला, इतका खोल की त्याच्या बरगड्या दिसल्या, आणि ते मोठ्याने रडले. थोड्या वेळापूर्वी हेच रडणे थांबावे म्हणून ती आठळी दिली गेली होती. आता अस्वलीण चिखलात बसून ते ऐकत राहिली आणि तिने ते थांबवले नाही.

सूज उतरण्यासाठी मग कासवाच्या सांगण्यावरून तिने रातांब्याचा रस बोटाने ओठांना तेवढा लावला. पिल्लू तिच्या कुशीत शिरून दूध पिऊ लागले, तेव्हा तिने मान वर केली.

“गुहेत विचारले तेव्हा का सांगितले नाहीस?”

शेकरू म्हणाले, “तुम्ही मला पुन्हा दारात उभे करणार नाही, या भीतीने.”

“तेवढ्यासाठी?”

“हो, ताई. तेवढ्यासाठीच.”

अस्वलिणीच्या छातीवरचा लाल रस सुकत चालला होता. “मीही तेवढ्यासाठीच गेले होते,” ती म्हणाली. “चारचौघांत नाव खराब होऊ नये, म्हणून याला सोडून शेवाळ आणायला.” वानरीने खाली पाहिले. कासव पाण्याखाली गेले.

पुढे कितीतरी दिवस पिल्लाला दुधावाचून काही मिळाले नाही. मग पुन्हा उंबर. एकच, चिरडलेले, आणि त्यामागून तीन सूर्योदय. नवे काही द्यायचा दिवस उजाडला त्या सकाळी गुहेच्या दाराशी शेकरू आले. ते उंबऱ्याबाहेरच थांबले. त्याच्या एका हातात पिकलेल्या फणसाचा मऊ गरा होता, आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती.

“ताई, हा आणला आहे. दिला नाहीत तरी चालेल.”

अस्वलिणीने गऱ्याकडे पाहिले. “यात काय आहे?”

“काही नाही. आतली काढली आहे.” शेकरूने दुसरी मूठ उघडून पुढे केली. “ती ही पाहा.”

अस्वलिणीने ती आठळी उचलली, सर्व बाजूंनी पाहिली, आणि गुहेबाहेर दूर फेकून दिली. मग तिने गरा घेतला, त्याच्या शिरा काढल्या, आणि आपल्या पंजावर तो चिरडू लागली.

“ये,” ती न पाहता म्हणाली. “आत बस. तू बघ, मी भरवते.”

तात्पर्य : तान्ह्याला भरवायचा घास लहान, मऊ आणि एका वेळी एकच असावा, आणि प्रेमाच्या भरात चूक घडलीच, तर आपले नाव जपण्यात घालवलेला प्रत्येक क्षण त्या तान्ह्याच्या श्वासातून कमी होतो.