चिंबोरीबाईची पाटी

एका रानात, ओढ्याकाठच्या बिळात चिंबोरीबाई नावाची खेकडीण राहत होती. कुणाच्याही पायात रुतलेला काटा ती नांगीने अलगद काढायची. पण बिळावर पाटी मात्र 'सुखनिवास'! मग कुणाला कसं कळणार? रोज रानभर हिंडून, पाट्या वाचून कुठे काय मिळतं ते सांगणारी साळुंकी सगळ्या लंगड्यांना वानराकडे पाठवायची. त्याने झाडभर 'काटा, काटा, काटा' असं खरडून ठेवलं होतं ना!

एकदा वानराकडून परतलेला ससा पाय गार करायला ओढ्यावर आला. "मेल्याने काटा आणखी आत घुसवला!" तो कळवळला. चिंबोरीबाईने काटा चुटकीसरशी काढला.

ससा टुणकन उडाला. "मावशी, हे पाटीवर लिही की!"

तिने लगेच लिहिलं, 'पायातला काटा काढून मिळेल'. सशाने हरणाला सांगितलं, हरणाने रानडुकराला. जो तो तिचंच नाव घेतो म्हटल्यावर साळुंकीही आधी तिचंच बीळ दाखवू लागली. रांग पाहून चिंबोरीबाई आनंदाने तिरकी तिरकी नाचली.

रांगेच्या शेवटी वानर कण्हत उभा होता. "मावशी, मी काट्यावरच बसलो गं!"

हसू दाबत ती म्हणाली, "लाजू नकोस. वळ."