एकटं न येणारं रोप

या, जवळ सरका. बर्फाच्या डोंगराखाली एक घर होतं. त्यात भिवराई आणि तिची लेक तानू. तानूचे बाबा बागवान. एका हिवाळ्यात बर्फाचा कडा कोसळला आणि ते घरी आलेच नाहीत. तेव्हापासून भिवराई बोलेना. खाटेवरून उठेना.

बाबांना अंगणात सफरचंद लावायचं होतं. तानूला वाटलं, ते लावलं तर आई उठेल.

मग ती डोंगर चढली. वर एक म्हातारी राहायची. तिची रोपं माणसांसारखी बोलायची, बरं का! म्हातारी म्हणाली, "घे एक निवडून."

तानूनं पहिल्या रोपाला विचारलं, "येशील का रे आमच्याकडे?" ते म्हणालं, "मला तुमच्याकडच्याहून जास्त थंडी हवी." दुसरं म्हणालं, "तुझं अंगण मला पुरायचं नाही." तिसरं म्हणालं, "येईन, पण एकटं नाही. एकटं सफरचंद फुलतं, फळत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचं झाड हवं."

"मग दुसऱ्या रोपाचं मोल काय देऊ?" तानूनं म्हातारीला विचारलं.

"तुझा आवाज," म्हातारी म्हणाली. "पहिलं फळ धरेपर्यंत."

तानूच्या डोळ्यांत पाणी आलं. आता घरात बोलणारं कुणीच उरणार नव्हतं. तरी तिनं मान हलवली.

मग दोन्ही रोपं घरी आणून तिनं खड्डे खणले. एक रोप ठेवलं, माती लोटली. कलमाचा सांधा, म्हणजे खोडावर दुसरी फांदी जोडलेली असते ती जागा, मातीत बुडायला लागला. भिवराई खाटेवरूनच खिडकीतून बघत होती. ती ओरडली,

"अगं थांब! सांधा पुरू नकोस, तो मातीच्या वर हवा!"

तानूनं वळून पाहिलं. तोंड उघडलं, पण आवाज नाही.

"बोल ना गं," आई म्हणाली. तानूनं नुसता गळ्याला हात लावला. तशी भिवराई खाटेवरून उतरली. भिंत धरत धरत अंगणात आली, मातीत बसली. सांधा चार बोटं वर ठेवून तिनं दोन्ही रोपं लावली.

मग तीन वर्षं आई दोघींच्या वाटचं बोलली. बाजारात बोलली, शेजारणींशी बोलली. बाबांच्या आठवणी सांगितल्या, सांगता सांगता रडलीसुद्धा.

तिसऱ्या वसंतात दोन्ही झाडं एकदम फुलली. मधमाश्या या झाडावरून त्या झाडावर गेल्या. फुलं गळली आणि मागे सुपारीएवढं फळ दिसलं.

"आई," तानू म्हणाली.

भिवराईनं तिला पोटाशी धरलं. "बोल बाई. आता मी ऐकते."

बाबा काही परत आले नाहीत, बाळांनो. पण सफरचंदं दर वर्षी आली. दोघींनी खाल्ली, गावाला वाटली, आणि त्या सुखानं नांदल्या. मिटा आता डोळे.