साहेबांनी लावलेलं गवत

शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच आहेत; माफ करा.

निवृत्त कलेक्टर राजाध्यक्ष साहेबांच्या लॉनमध्ये हरळी माजली होती. महिन्यापूर्वी वारलेल्या बाईसाहेबांनी ती गणपतीच्या दुर्वांसाठी मुद्दाम राखली होती. साहेब माळ्यावर कडाडले, "तुळशीराम, मी न लावलेलं एक पातं जरी इथं दिसलं, तर उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

तुळशीराम हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही लावलेलं तेवढं दाखवा. ते ठेवतो, बाकीचं उपटतो."

साहेबांनी लॉनभर नजर फिरवली. सगळी लावणी बाईसाहेबांच्या हातची होती. ते मटकन पायरीवर बसले आणि तोंड झाकून रडू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीरामने साहेबांच्या हातात झारी दिली आणि ती कशी धरायची ते शिकवलं.